रंगाची तेरीज

बँकेत चोवीस वर्षं काढल्यावर माणसाला दोनच रंग ओळखता येतात. निळी शाई आपली आणि लाल शाई तपासनिसाची. बाकी सगळ्या रंगांची खाती आमच्या घरात सौभाग्यवतींच्या नावावर आहेत. तरीही गेल्या दिवाळीत मी रंगाच्या भानगडीत पडलो. निमित्त झालं आईच्या फोटोचं.

तसं पाहिलं तर रंगांशी आमच्या आटपाडीचं नातं संस्थानी आहे. गाव औंध संस्थानातलं, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. पुढे इथल्याच स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा आमच्याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांची. पण सिनेमा निघाला कृष्णधवल. त्यामुळे कुणाच्या लुगड्याचा रंग कोणता, यावरून तालुक्यात वाद झाला नाही. तो आमच्या घरासाठी शिल्लक राहिला होता.

फोटो १९८२ सालचा. सांगलीला स्टुडिओत काढलेला. आईच्या मांडीवर मी, आणि आईच्या अंगावर डाळिंबी लुगडं. जुन्या रंगीत फोटोत रंगांचे तीन थर असतात आणि ते सगळे सारख्या वेगानं उडत नाहीत, त्यामुळे चाळीस वर्षांत फोटोतला मी कावीळ झाल्यासारखा दिसू लागलो होतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण आईला जाऊन तीन वर्षं झाली, आणि अण्णांना फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. सांगलीला इंजिनियरिंगला असलेले आमचे चिरंजीव सुट्टीत आले होते. त्यांनी फोटो संगणकात घेतला, रंग दुरुस्त केले आणि छापून आणला.

अण्णांनी तो हातात धरला आणि म्हणाले, "ह्ये तिचं लुगडं न्हवं. शिजल्याली वांगी हायती ही."

"पण स्क्रीनवर तर डाळिंबीच दिसतंय!" मी म्हणालो.

"मॉनिटर खोटं बोलतोय, पप्पा," चिरंजीव म्हणाले. मॉनिटर मुळातच लालसर. म्हणून यांनी फोटोतला तांबडा कमी केला आणि कागदावर जांभळा उरला. मॉनिटर जुना बाजारातून मीच आणला होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

मग मित्राकडून रंग मोजायचं यंत्र आलं. दिसायला माउससारखं, पण पडद्यावर पालीसारखं चिकटून बसणारं. त्याच्याखाली मॉनिटर एकामागून एक रंगांची ठिगळं दाखवू लागला आणि यंत्र ती मोजू लागलं. तांबडा, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. मी सवयीनं कागदावर गुणाकार केला. १,६७,७७,२१६ रंग होतात. आमच्या शाखेत एवढी शिल्लक दिसली असती तर आम्ही पोलिसांना बोलावलं असतं. पांढरा कसा हवा, तर दिवसाच्या उजेडासारखा, साडेसहा हजार केल्विनचा. कुठल्या पायरीवर किती कमी-जास्त करायचं, याची एक फाइल तयार झाली. ती माझ्या परीनं मी खातेवही समजलो.

आता ती लोड करायची. चिरंजीवांनी काळी खिडकी उघडली, 'डिस्पविन' असं काहीसं लिहिलं, पुढे फाइलचं नाव, आणि एंटर मारलं.

"झालं."

"काय झालं?"

"लोड झालं."

शिक्का नाही, सही नाही, पावती नाही. आमच्याकडे शंभर रुपये भरले तरी स्लिपवर ठप्प आवाज येतो. मी चाचणी मागितली. त्यांनी खातेवही काढून टाकायची कमांड दिली. पडदा तांबूस झाला. परत लोड केली, निवळला. मी म्हणालो, पुन्हा कर. सातव्यांदा त्यांनी वेगळी कमांड दिली आणि संगणकानं लेखी कळवलं की ही फाइल लोड झालेली आहे.

"जुळलं!" मी ओरडलो.

"पप्पा, वही उघडली आहे एवढंच यातून कळतं. वहीतला हिशेब बरोबर आहे असं नाही."

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर हेच लिहून दिलं होतं. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरत नाही. चुकीच्या खात्यावर बरोबर रक्कम मांडली, तरी ती बिनबोभाट जुळते. शिवाय या वहीनं पांढरा आणि करडा तेवढे ताळ्यावर येतात. बाकी रंगांसाठी फोटोच्या प्रोग्रामलाही प्रोफाइल वेगळी दाखवावी लागते. म्हणजे मुख्य कचेरीनं हुकूम काढला तरी काउंटरवरच्याला स्वतंत्र कळवायचं. हे मात्र मला लगेच समजलं.

सगळं जमवून फोटोचे रंग नव्यानं बसवले आणि अण्णांना बोलावलं. अण्णांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्यातला पिकायचाय. त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"ह्या डोळ्यानं डाळिंब. ह्या डोळ्यानं काकवी."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. याला कमांड नव्हती.

अण्णा काही न बोलता माजघरात गेले आणि एक वाकळ घेऊन आले. आईच्या हातची. तिच्यात त्याच लुगड्याचं एक ठिगळ होतं. वरून धुवून धुवून पांढरं पडलेलं. अण्णांनी नखानं टाके उसवले आणि आत दुमडलेला काठाजवळचा पदर बाहेर काढला. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. डाळिंबाचं फळ फोडल्यावर दाणे दिसतात, तसा रंग. अण्णांनी ते ठिगळ पडद्याला टेकवलं, काकवीचा डोळा झाकला.

"आता हाय," ते म्हणाले.

फोटो छापून आला, भिंतीवर लागला. चिरंजीव सांगलीला परत गेले. संगणक बंद केला की लोड केलेलं सगळं विसरतो, म्हणून सुरू होताना आपोआप लोड व्हावं अशी तजवीज ते करून गेलेत. पण अण्णांचा आपोआप होणाऱ्या गोष्टींवर विश्वास नाही. रोज सकाळी ते मला संगणक लावायला सांगतात, फोटो उघडायला लावतात आणि वाकळीचा तो कोपरा घेऊन पडद्यासमोर बसतात.

"लोड झालंय ना?" मी बँकेत निघताना विचारतो.

"झालंय," ते म्हणतात, आणि बघतच राहतात.

चाचणीला एवढा वेळ लागत नाही, हे मला आता ठाऊक आहे. पण ही तेरीज मी तपासत नाही.