महाडच्या वाटेवरचा टोमणा

२० मार्च जवळ आला की आमच्या वस्तीत महाडची तयारी सुरू होते. यंदा आम्हीही मुलांना घेऊन निघालो. रात्रीच भाकरी-चटणी बांधून ठेवली, पांढरे कपडे घातले आणि पहाटेची एस.टी. धरली. पनवेल, पेण, वडखळ अशी गावे मागे पडत होती.

कोलाडच्या पुढे शेजारच्या बाकावरील एका गृहस्थांनी विचारले, "काय साहेब, पाणी प्यायला निघालात? मुंबईचे नळ बंद झाले वाटतं!"

आमची दहा वर्षांची मुलगी चटकन म्हणाली, "नाही काका, आमच्या चाळीत सकाळी सहाला पाणी येतं."

ते हसले. त्यांच्या मागचे दोघेही हसले. मुलगीही हसली. आम्ही दोघे मात्र गप्प बसलो. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "आई, मी काही चुकीचं बोलले का?"

काय सांगावे? गृहस्थांच्या शब्दांत एकही शिवी नव्हती. उलट त्यांनी 'साहेब' म्हटले होते. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, नुसते शब्द ऐकू नकोस. गाडीत इतकी माणसं आहेत. त्यांनी दुसऱ्या कुणाला साहेब म्हटलं का? प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. आणि विचारताना ते आपल्याकडे नाही, मागच्या दोघांकडे बघत होते. ज्याला खरंच उत्तर हवं असतं, तो आपल्या तोंडाकडे बघतो."

मुलगी हिरमुसली. माणगाव, लोणेरे येऊन गेले तरी ती बोलली नाही.

महाडच्या स्टँडवर आत्याबाई उन्हात उभ्या होत्या. आम्हाला पाहताच म्हणाल्या, "लई लवकर आलात! मला वाटलं, पुढच्या वर्षीच्या २० मार्चला येताय!" मुलगी कानात कुजबुजली, "हाही टोमणाच ना?" तेवढ्यात आत्याबाईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग तिचे तिलाच कळले. बोलणे उलटेच होते, पण ती मायेची थट्टा होती. थट्टेत आपल्यालाही हसायला जागा असते. टोमण्यात बाकीचे हसतात आणि आपण एकटे पडतो.

गर्दीतून वाट काढत चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर पोहोचलो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि मुलांना तिथेच इतिहास सांगितला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली हे तळे खुले केले, पण फक्त कागदावर. तोंडी एक आणि मनात दुसरे, असाच तो कारभार! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह येथे पाणी प्राशन केले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, आणि पुढे दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेल्या १०८ घागरींनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला, तोवर दहा वर्षे गेली होती.

मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे आपण खरंच पाणी प्यायला आलोय!"

आम्हाला तथागतांची गोष्ट आठवली. एका ब्राह्मणाने त्यांना भरपूर शिव्या दिल्या. तथागतांनी विचारले, पाहुण्यांनी तुझे अन्न घेतले नाही, तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच तुझे हे बोलणे मी घेत नाही, असे तथागत शांतपणे म्हणाले. पण न घेण्यासाठीसुद्धा आपल्यापुढे काय वाढले आहे ते आधी ओळखता आले पाहिजे. म्हणून मुलांना टोमणा ओळखायला शिकवावे, आणि उलट टोमणा न मारता सरळ उत्तर द्यायलाही. सम्यक वाचा ती हीच.

परतीच्या गाडीत मुलगी स्वतःशीच उत्तर घोकत होती: "हो काका, पाणी प्यायलाच चाललो. त्या पाण्यासाठी आमच्या माणसांनी मार खाल्लाय. तुम्हीही चला."

'तुम्हीही चला' हे शब्द आम्ही तिला शिकवलेले नव्हते.

जय भीम!