चार पायांचे घर

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवेशाच्या अर्जात ‘कायमचा पत्ता’ अशी एक ओळ असते. पहिल्या वर्षी ती भरताना मी बराच वेळ नुसते पेन धरून उभा होतो. मागे रांग वाढली. खिडकीतले क्लार्क म्हणाले, “अरे, घर कुठं आहे ते लिही आणि हो पुढं.” मी गावाचे नाव लिहिले. ते खोटे नव्हते. गावात आमच्या दोन खोल्या आहेत, तिथे आजी असते आणि पावसाळ्याचे चार महिने आम्हीही असतो. उरलेले आठ महिने आमचे घर कुठे असेल, ते जत्रेवर अवलंबून.

आमचा धंदा रेवडी आणि गोडीशेवेचा. मार्गशीर्षात माळेगाव, पौषात पाल, फाल्गुनात मढी, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि येरमाळा. पूर्वी दादा भाड्याच्या टेम्पोने जात आणि पाल ठोकून राहत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी जुनी पिकअप घेतली आणि गावातल्या वेल्डरकडून लोखंडी अँगलची एक पत्र्याची खोली करून घेतली. साडेआठ फूट लांब, पाच फूट रुंद, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंच. मागच्या बाजूला दार आणि दुकानाची खिडकी. खिडकीची झडप वर केली की सावली होते. आत दोन फळ्या. दिवसा त्यांवर परातींची मांडणी आणि रात्री आमची अंथरुणे. मी दहावीचा निम्मा अभ्यास त्या वरच्या फळीवर, नाक पत्र्याला लागेल अशा बेताने पडून केला आहे.

या खोलीला चार पाय आहेत. लोखंडी पाइपचे, खिळीने अडकवायचे. जत्रेच्या जागी पोचलो की चारी कोपऱ्यांखाली जॅक लावून खोली उचलायची, पाय बसवायचे आणि गाडी खालून पुढे काढून घ्यायची. मग गाडी माल आणायला मोकळी. निघताना हेच उलट. ऐकायला सोपे वाटते, पण आमच्याकडे यावेळी कोणी हसत नाही, चहासुद्धा नंतर. जत्रेची जमीन बहुधा नांगरटीची, म्हणून प्रत्येक पायाखाली फळी हवी. एक कोपरा चार बोटे वर घेतला की थांबायचे, मग समोरचा. एकदम एक बाजू उचलली तर दुसरीकडचे पाय वाकतात. गाडी मागे घेताना धाकटी बहीण दादांना आरशात दिसेल अशी उभी राहते आणि हात हलवते. ती दिसेनाशी झाली की ब्रेक, असा नियम आहे. खोली आणि फाळका यांत दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन बोटांची जागा राहते.

हौद्यावर खोली टेकवली की मग बांधणे. आता मी लिहिणार आहे ते याच बांधण्याविषयी.

दादा खोली हौद्यात पूर्ण पुढे सरकवत नसत. ड्रायव्हरच्या केबिनमागे हातभर जागा सोडत आणि त्यात पालाचे बांबू उभे ठेवत. त्यामुळे खोली मागून फूटभर बाहेर येई. पाण्याचे दोनशे लिटरचे पिंप दाराजवळ, कारण तिथून पाणी घेणे सोपे. गुळाच्या ढेपा आणि साखरेची पोतीही तिथेच. नायलॉनचा दोर टपावरून टाकून हौद्याच्या कडांना वेल्ड केलेल्या हुकांना आवळत. आई आणि धाकटी आत, पोत्यांवर. मालाच्या गाडीत मागे माणसे बसवू नयेत हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि तिकिटाचे पैसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२३ च्या मार्चमध्ये, होळीच्या आदल्या दिवशी, नगर ओलांडून आम्ही मढीला निघालो होतो. मी पुढे दादांशेजारी. करंजी घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक अंगावर आला. दादांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायला लागली, खोली थांबली नाही. ती त्या हातभर मोकळ्या जागेत बांबू मोडत पुढे आली आणि केबिनवर आदळली. पुढे आली म्हणून दोर सैल पडला, आणि वळणावर सगळा भार डाव्या अंगाला गेला. डावा हूक पत्र्याचा लचका घेऊन निघाला. खोली फाळक्यावर कलली आणि तशीच राहिली.

क्षणभर काही ऐकू आले नाही. मग आतून पत्र्यावर झारा आपटल्याचा आवाज येऊ लागला. सांगाडा पिळवटल्याने दार उघडेना. टॉमीने उचकटावे लागले. आई बाहेर आली ती धाकटीला पोटाशी धरून. टांगलेली मोठी कढई धाकटीच्या उजव्या मनगटावर पडली होती.

मनगटाला प्लास्टर घातले. तिसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने पुड्या भरत होती. जत्रा बुडवून आम्हाला चालत नाही. हाड जुळले, पण किंचित वाकडे. आज ती नववीत आहे आणि तिची उत्तरपत्रिका नेहमी एका प्रश्नाने अपुरी राहते.

दादा म्हणाले, “दोर जुना झाला व्हता.” नवा दोर आणला. दोन वर्षे आमच्या घरात या प्रसंगावर तेवढेच बोलणे झाले.

गेल्या वर्षी मला इथे गावाबाहेरच्या एका वजनकाट्यावर रात्रीचे काम मिळाले. कांद्याच्या गाड्या येतात, मी पावत्या लिहितो आणि मधल्या वेळात इतिहासाच्या टिपणांवरून नजर फिरवतो. तिथे एका जुन्या ड्रायव्हरने मला एक गोष्ट दाखवली. गाडी सबंध न चढवता पुढची चाके तेवढीच काट्यावर घ्यायची. मग कळते की भार कुठे पडलाय. “पुढचं हलकं झालं की स्टेअरिंग तुझं ऐकत न्हाई,” तो म्हणाला. शाळेत ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द मी दोन गुणांसाठी पाठ केला होता. तो असा चाकाखाली सापडेल असे वाटले नव्हते.

माळेगावला निघताना मी हट्ट करून दादांना गाडी काट्यावर घ्यायला लावली. नोंदणीच्या कागदावर आमच्या गाडीचे रिकामे वजन १६९० किलो आणि भरून जास्तीत जास्त २९९० आहे. म्हणजे १३०० किलोंची मुभा. काट्याने दाखवले ३४१०. मग मी पुढची चाके वेगळी घेतली. रिकाम्या गाडीची पुढची चाके ९४० किलो पेलतात; सव्वासतराशे किलो माल भरल्यावर ती ८७० पेलत होती. आम्ही भरलेले सगळे ओझे मागच्या आसाच्याही मागे लोंबत होते आणि गाडीचे तोंड उचलत होते.

हे मी जिथे आणि जसे सांगितले ते मात्र चुकले. काट्याचे मालक उभे होते, दोन ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यासमोर मी पावती नाचवत म्हणालो, “दादा, तो दोर जुना नव्हता.” दादांनी माझ्याकडे पाहिले. “तीस वर्सं तराजू धरतोय म्या. मला वजन शिकीवतो?”

त्यात खोटे काही नाही. त्यांच्या तराजूवर दरवेळी तपासणीचा शिक्का असतो आणि पावशेरावर दोन रेवड्या ते वरून टाकतात. पण ज्या गाडीत तो तराजू आणि आई आणि धाकटी बसतात, तिचे वजन बारा वर्षांत एकदाही झाले नव्हते. हे शेवटचे वाक्य मी तेव्हा बोललो नाही, एवढेच माझे पुण्य. त्यांनी पावतीची घडी केली, गल्ल्याच्या डब्यात टाकली आणि गाडी काढली. पालची जत्रा होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरते बोलले.

माघात घरी गेलो तर अंगणात बाभळीचे ठोकळे तासून ठेवलेले. दादा काही म्हणाले नाहीत, मीही विचारले नाही. खोली आता हौद्यात होईल तितकी पुढे घेतात आणि उरलेल्या फटीत ठोकळे गच्च बसवतात. बांबू खोलीच्या आत तळाला गेले. खोलीखाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे रबर अंथरले, त्याने लोखंडावर लोखंड घसरत नाही. हूक हौद्याच्या पत्र्यावरून निघून खाली चासीला कसलेल्या पट्ट्यांवर गेले. दोराऐवजी चार रॅचेट पट्टे, दोन पुढे ओढणारे आणि दोन मागे. पिंप पुढच्या भिंतीशी आणि प्रवासात रिकामे. पाणी जत्रेत मिळते, मग दोनशे किलो घाटातून कशाला न्यायचे? गूळ-साखर जत्रेजवळच्या बाजारातून. कढई टांगत नाहीत, पालथी घालून बांधतात. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर उभा जखडतात. आणि दहा-बारा किलोमीटर गेले की थांबून चारी पट्टे पुन्हा आवळतात, कारण गाडी हलली की खोली आपली जागा शोधते आणि पट्टा सैल पडतोच. हे शेवटचे मी सांगितलेले नाही. ते त्यांनी स्वतः शोधले. जादा वजनाला २०१९ पासून वीस हजारांचा दंड आहे आणि वर दर टनाला दोन हजार, हे मी सांगितले. त्याचाही उपयोग झाला असावा.

आई आणि धाकटीचा प्रश्न राहिला होता. मी म्हणालो, एसटीने येऊ देत, बायकांना आता अर्धेच तिकीट आहे. दादा म्हणाले, “अन् मालाकडं कोन बघंल?” तेव्हा आई चुलीपुढून उठली नाही, मानही वळवली नाही. म्हणाली, “बारा वर्सं मढीला जातेय. करंजीचा घाट दिसतो कसा, ते मला ठावं न्हाई. आतनं निस्ता पत्रा दिसतो.”

त्यावर कोणी काही बोलले नाही.

यंदा मढीच्या आधी, रात्री नऊच्या सुमारास एक पिकअप काट्यावर येऊन उभी राहिली. दादा एकटेच होते. त्यांनी दिवे बंद केले आणि खाली उतरून काचेतून आकड्याकडे पाहत राहिले. २९६०. “आता पुढची चाकं एकली घे,” ते म्हणाले. १०१०. मी पावती फाडली. मालक नव्हते, म्हणून पैसे नको म्हणालो. त्यांनी ते टेबलावर ठेवले. “दुसऱ्याचा धंदा हाय.” मग पावती दिव्याखाली धरून वाचली, आकडे त्यांना वाचता येतात. गाडीत बसताना म्हणाले, “तुझा काटा तीस किलो जास्त दावतोय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, तासाच्या मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट आणि धाकटीचे हसणे ऐकू येत होते. आई ओरडूनच बोलत होती.

“अरं, केवढा खोल हाय रं घाट! इथनं आनत व्हते व्हय आमाला?”