हिरवी पानं का गळतात?

लिंबोणी हे सदाहरित झाड. पळसासारखी ती ठरल्या ऋतूत बोडकी होत नाही. तिचं एक पान साधारण वर्ष-दोन वर्षं जगतं, मग पिवळं पडून गळतं. तोवर नवी पानं आलेली असतात, त्यामुळे जुनं गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच घरात ठेवलेल्या कुंडीतल्या लिंबोणीची चांगली हिरवी पानं रोज ओंजळभर गळायला लागली, की घरातली माणसं घाबरतात.

आमच्या घरी घाबरायला आणखी एक कारण होतं. ही लिंबोणी माझ्या सासूबाईंची, अम्मींची. श्रीगोंदा तालुक्यातल्या गावी त्यांनी ती ओट्याच्या कडेला मोठ्या कुंडीत वाढवली होती. वुजूचं पाणी त्या कधी वाया जाऊ देत नसत, ते हिच्या वाट्याला जायचं. अम्मींच्या इंतकालनंतर अब्बांना गावी एकटं ठेवणं बरं वाटेना. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही त्यांना नगरला, मुकुंदनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. अब्बांनी सोबत कपड्यांची पेटी, ट्रान्झिस्टर आणि ही कुंडी एवढंच घेतलं. आमच्या घराला गॅलरी नाही. हॉलमधल्या खिडकीपाशी फरशीवर कुंडी ठेवली.

तीन आठवड्यांत पानगळ सुरू झाली. डिसेंबर लागेपर्यंत निम्म्या फांद्या उघड्या पडल्या. अब्बा काही बोलत नव्हते, पण सकाळी फरशीवरची पानं स्वतः वेचून घ्यायचे. ते पाहून मुलं शाळेत जाताना एकेक तांब्या ओतायची, हे रात्री कामावरून आले की आणखी एक. शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली असेल. नजर उतरवायला लोक लिंबू आणतात. लिंबोणीचीच नजर काय घेऊन उतरवायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. शेवटी ह्यांनी एका रात्री हळू आवाजात सुचवलं की नर्सरीतून तेवढंच रोप आणून याच कुंडीत लावू, अब्बांना कळणार नाही. मी म्हटलं, "चाळीस वर्षं लिंबाच्या बागेत गेलेल्या माणसाला झाड बदललेलं कळणार नाही?"

दुसऱ्या दिवशी अब्बांनीच कुंडी पुढ्यात ओढली. मातीत बोट दोन पेरं खुपसलं, मातीचा वास घेतला आणि म्हणाले, "बेटा, हे तहानलेलं नाही. याच्या मुळांना दम घ्यायला जागा नाही."

मग त्यांनी जे सांगितलं, ते कुंडीत लिंबोणी असणाऱ्या प्रत्येक घराच्या उपयोगाचं आहे. गावी झाड उघड्यावर होतं, दिवसभर ऊन होतं. खिडकीच्या आत त्या उजेडाचा थोडासाच वाटा पोचतो. पान उजेडावर अन्न तयार करतं; उजेड घटला की कमाई घटते, पण पान जगवण्याचा खर्च चालूच राहतो. ज्या पानांचा खर्च भागत नाही, ती झाड सोडून देतं. त्यात नगरची थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, फरशी गार पडते आणि गार मातीत लिंबाची मुळं जवळजवळ काम थांबवतात. सकाळी खिडकीतलं ऊन पानांना तापवतं, पानं पाणी मागतात, मुळं देऊ शकत नाहीत. मग झाड पानं टाकून मागणीच कमी करतं.

आणि इथंच घरोघरी घात होतो. पानं गळाली म्हणजे पाणी पिणारी तोंडं कमी झाली. झाडाला आता पूर्वीपेक्षा कमी पाणी हवं असतं आणि आपण काळजीपोटी जास्त ओततो. कुंडीतली माती शेतातली काळी, ती पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. बागेत पाणी साचलं तर बुंध्याशी डिंक्या येतो, तोच धोका इथेही. पानगळीनं सहसा झाड मरत नाही. पानगळीनंतरच्या पाण्यानं मरतं.

अब्बा पुढे म्हणाले, "आम्ही तर बागेत पानं मुद्दाम गाळतो." लिंबाचे तीन बहार: मृग, हस्त आणि आंबे बहार. बहार धरायचा तर आधी बागेला ताण द्यायचा. जमीन हलकी की भारी ते पाहून काही आठवडे पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, बरीचशी गळतात. नवख्याला वाटतं, बाग गेली. मग हलकं पाणी द्यायचं, हळूहळू वाढवायचं. नवी पालवी आणि फुलं येतात. 'बाग' आणि 'बहार' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले, पण श्रीगोंद्याचा कुठलाही शेतकरी ते आपलेच म्हणून बोलतो. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 सालचं. 'साई सरबती', 'फुले सरबती' या लिंबाच्या जाती तिथल्याच. अब्बांच्या बागेत साई सरबतीची झाडं होती, पण कुंडीतलं हे अम्मींनी बियांपासून केलेलं साधं कागदी लिंबू.

अब्बांनी कुंडी फरशीवरून लाकडी पाटावर घेतली, खालचं बुजलेलं भोक मोकळं केलं. मुलांना ताकीद दिली: बोटभर खोल माती कोरडी लागल्याशिवाय थेंबभरही पाणी घालायचं नाही. घालायचं ते भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. खत तर नवी पालवी येईपर्यंत बंद. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं करपतात. म्हणून पावसाळ्यात टाकीत साठवलेलं पाणी वापरायचं. फांदी मेली की जिवंत, हे नखानं साल किंचित खरवडून पाहायचं. आत हिरवं असेल तर छाटायचं नाही.

जानेवारीभर झाड काड्यांचं राहिलं. फेब्रुवारीच्या अखेरीस पेरापेरांतून तांबूस कोंब फुटले. नवी पानं जुन्यापेक्षा रुंद, पातळ आणि गडद निघाली. अब्बांनी एक बोटावर धरून मुलांना दाखवलं: कमी उजेडात वाढलेलं पान असंच असतं, मिळेल तेवढा उजेड गोळा करणारं. गावाकडच्या उन्हात बनलेली पानं इथे कामाची नव्हती, म्हणून झाडानं ती सोडली आणि या खिडकीच्या मापाची केली.

फळ मात्र खिडकीत धरेना. त्याला ऊन हवंच. यंदा मार्चमध्ये सोसायटीनं गच्चीचा एक कोपरा वापरायला दिला. तिथेही कुंडी एकदम उन्हात ठेवायची नाही, नाहीतर ही पातळ पानं करपून पुन्हा गळतील. आधी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मग सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास. रोज फजरनंतर अब्बा वर जातात आणि कुंडी वीतभर पुढे सरकवतात. गच्चीवर आणखी दोन म्हातारे फिरायला येतात. त्यातल्या एकांच्या घरच्या लिंबोणीचीही पानं गळतायत. अब्बा कालच त्यांच्याकडे जाऊन मातीत बोट घालून आले.