मगर, वाडा आणि बाबांचा फोटो

गणपतीपुळ्याची सहल ही बाबांची शेवटची सहल ठरली. समुद्राकडे पाठ करून ते उभे आहेत, वाऱ्याने केस उडालेत आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसतायत, असा एक फोटो मी तेव्हा काढला होता. वर्षभराने आईला तोच भिंतीवर हवा होता, चांगला 12 बाय 18 इंचांचा. अकोट्यातल्या आमच्या नेहमीच्या फोटोवाल्याला फाइल पाठवली. त्याचा लगेच फोन आला, "भाई, ओरिजिनल नथी?"

ओरिजिनल नव्हता. मधल्या काळात मी फोन बदलला होता. जुन्यातलं सगळं नव्यात आलं असेल असं गृहीत धरलं आणि जुना फोन रीसेट करून देऊन टाकला. उरली होती फक्त फॅमिली ग्रुपवर टाकलेली प्रत. चॅटवर पाठवताना फोटो आक्रसतो. आमच्या प्रतीची लांब बाजू 1600 पिक्सेल होती. चांगल्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. हा हिशेब मला दहा सेकंदांत जमला, आईला सांगायला मात्र दोन दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, "पण तुझा तो फोन 48 मेगापिक्सेलचा होता ना रे?"

मार्चमध्ये आईला पुन्हा गणपतीपुळ्याला जायचं आहे. यावेळी मी सवयीप्रमाणे स्प्रेडशीट उघडली: फोन की छोटा कॅमेरा, सेन्सर, झूम, वजन, किंमत. चौदा रकाने झाल्यावर बायको म्हणाली, "अरे, आधी बडोद्यात फिरून बघ." ऑफिसातल्या मित्राचा सोनी आरएक्स100 उसना घेतला आणि आम्ही चौघं, म्हणजे आई, बायको, आठ वर्षांची लेक आणि मी, जानेवारीचे दोन-तीन रविवार बाहेर पडलो.

पहिला मुक्काम काळा घोड्याजवळचा विश्वामित्रीचा पूल. थंडीत सकाळी मगरी काठावर ऊन खात पडतात हे बडोदेकरांना सांगायला नको. एक होती, पण पलीकडच्या काठाला. फोनने 10 पट झूम केला. स्क्रीनवर छान दिसली, घरी मोठी करून पाहिली तर चिखलात रंगवलेलं लाकूड. फोनची झूमची लेन्स तिच्या ठरावीक पल्ल्यापर्यंतच खरी असते. त्यापुढे तो फोटो कापून मोठा करतो आणि हरवलेले बारकावे अंदाजाने भरतो. मित्राच्या कॅमेऱ्यात लेन्स खरोखर पुढे सरकते, 24 ते 200 मिलीमीटर. त्यात मगरीच्या पाठीवरचे खवले मोजता येत होते. शिवाय तो कॅमेरा मी लेकीच्या हातात देऊ शकलो, दोरी मनगटात अडकवून. बँक, ओटीपी आणि ऑफिसचं सगळं ज्यात आहे तो फोन पुलाच्या कठड्यावर आठ वर्षांच्या मुलीच्या हातात कोण देईल?

तिथून कमाटीबागेतलं म्युझियम. आपल्या अकोट्यात 1951 साली सापडलेल्या 68 जैन कांस्यमूर्तींची नावाजलेली ठेव बडोदा म्युझियममुळे जगाला माहीत झाली. अकोट्याचं जुनं नाव अंकोट्टक. हे मला तिशी उलटल्यावर कळलं, राहतो मात्र तिथेच! फोटोला परवानगी असेल तिथे एक करा: फोन काचेच्या अगदी जवळ धरा आणि फ्लॅश बंद ठेवा, म्हणजे काचेतलं आपलंच प्रतिबिंब येत नाही. हे काम चपट्या फोनला जास्त चांगलं जमतं.

खरी परीक्षा रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात झाली. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या लाकडी वाड्यातल्या एका खोलीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: कृष्णलीला, मराठ्यांच्या लढाया, नऊवारीतल्या बायका, गोरे साहेब. खोली अरुंद आणि उजेड थोडा. जुन्या रंगांवर फ्लॅश मारायचा नाही. माझी अपेक्षा होती की इथे कॅमेरा बाजी मारेल. त्याचा सेन्सर 'एक इंची' म्हणवतो, प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलीमीटर असतो (हे नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबवरून आलेलं, इंचाचा शोध घेऊ नका). तरी स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांतल्या नखाएवढ्या सेन्सरच्या तो चौपट भरतो. पण फोन जिंकला. तो एका क्लिकमध्ये बरेच फोटो घेऊन एकत्र जुळवतो, आणि भिंतीवरची चित्रं काही हलत नाहीत. हीच युक्ती गेल्या नवरात्रात गरब्यात फसली होती. लेकीला चार हात आले होते, साक्षात देवीच.

आईने मात्र दोन्ही यंत्रं बाजूला ठेवली. नऊवारीतल्या एका बाईसमोर ती बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "हिचा काढ, जवळून. माझ्या आजीची अशीच उभं राहायची पद्धत होती." तो फोटो मी फोनने काढला, आणि घरी येईपर्यंत तो दोन ठिकाणी ठेवला होता.

चांपानेरला त्यानंतरच्या रविवारी गेलो. दुपारच्या उन्हात जामा मशिदीसमोर फोनच्या स्क्रीनवर काही दिसेना. कॅमेऱ्याला डोळा लावायची छोटी खिडकी होती, तिचं महत्त्व तेव्हा कळलं. पण कॅमेऱ्याची बॅटरी तीनच्या सुमाराला संपली आणि जादा बॅटरी मी घरी विसरलो होतो. पावागडचे फोटो फोनचेच आहेत.

शेवटी काय घेतलं? माझं मत, चुकीचं वाटलं तर भांडा: फोन दोन-तीन वर्षांचाच असेल तर फिरण्यासाठी नवा फोन घेऊ नका. पक्षी, मगरी, स्टेजवरची मुलं असं लांबचं काढायची हौस असेल तर खऱ्या झूमचा कॅमेरा घ्या, पण दुकानात हातात धरून. 'कॉम्पॅक्ट' लिहिलेले काही कॅमेरे खिशात मावत नाहीत, आणि जो मावत नाही तो तिसऱ्या सहलीपासून कपाटात राहतो. ज्यात झूमच नाही अशा रिको जीआरची लोक स्तुती करतात. तो खरंच सुंदर आहे, पण पुलावरून मगर काढायला उपयोगाचा नाही. मी मित्राचाच जुना कॅमेरा विकत घेतला, एका जादा बॅटरीसकट. नव्या फोनसाठी ठेवलेल्या पैशांतून 2 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आल्या. एक आमच्याकडे, एक ताईकडे सुरतेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटो उतरवायचे, आणि डिस्कवरून पाच फोटो उघडून पाहिल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही. ग्रुपवर पाठवलेला फोटो 'ठेवलेला' धरायचा नाही. लेकीने हा नियम कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलाय.

बाबांकडे याशिका होता. एका रोलमध्ये 36 फोटो, आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे त्यांच्या तिरक्या अक्षरात गाव, तारीख, कोण कोण. आमच्या घरात ते डबे अजून आहेत, एकही हरवलेला नाही.

त्यांचा गणपतीपुळ्याचा फोटो अखेर 4 बाय 6 मध्ये छापला. तेवढ्यात तो स्वच्छ येतो. आईने तो भिंतीवर न लावता तिच्या पोथ्यांच्या शेल्फवर ठेवला. परवा मी कोकणाची तिकिटं दाखवली तेव्हा तिने तो फ्रेममधून काढला, उलटा केला आणि लेकीकडे पेन मागितलं. तारीख मात्र तिला आठवेना. ती मी जुन्या ग्रुपमध्ये शोधून दिली.