छत्री निघाली उत्तरेला

बालमित्रांनो, एक कोडं घालू? छत्री आहे, पण पावसात उपयोगाची नाही. उलट फार जोराचा पाऊस आला की तीच रुसून बसते! ओळखलंत ना? बरोबर, टीव्हीची छत्री! कुणी तिला डिश म्हणतं, कुणी थाळी.

आपली छत्री एकदा गच्चीवर बसवली की वर्षानुवर्षं तिथंच. पण घरच जर चाकांवर असेल, रोज नव्या गावी मुक्काम करत असेल, तर त्याच्या छतावरच्या छत्रीनं काय करावं?

युरोपात अशी चाकांवरची घरं पुष्कळ आहेत. त्यांना मोटारहोम म्हणतात. आत झोपायला पलंग, शेगडी, छोटंसं न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं असतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की जर्मनीतली कितीतरी कुटुंबं अशी गाडी घेऊन नॉर्वेला जातात. चला, आज आपणही अशाच एका गाडीत बसू. जर्मनीतल्या म्युनिक शहरातून निघू आणि थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला पोचू. मात्र एक अट आहे. एक डोळा खिडकीबाहेर आणि एक डोळा छतावरच्या छत्रीवर ठेवायचा. ती आपल्याला वाटेत भूगोलाचा एक मोठा धडा शिकवणार आहे.

निघण्याआधी छत्री बसवायला हवी. ती साधारण ६० ते ८५ सेंटीमीटर रुंद असते आणि मिटली की छतावर आडवी पडते. जागा अशी निवडायची, की उघडल्यावर तिच्यासमोर छताची खिडकी किंवा एसीची पेटी आडवी येणार नाही. छत स्वच्छ पुसून छत्रीचा पाया मजबूत चिकटद्रव्यानं पक्का करतात. हे द्रव्य वाळल्यावरही रबरासारखं थोडं लवचीक राहतं, म्हणून गाडीचे धक्के सोसतं. छताला जिथं भोक पडेल तिथून पाऊस आत येणार हे ठरलेलंच! म्हणून वायर आत नेण्याची जागा झाकण लावून नीट बुजवतात. वीज मिळते ती गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून.

काही छत्र्या बटण दाबलं की आपोआप उघडतात आणि स्वतःच उपग्रह शोधतात. काहींना गाडीच्या आतून हातानं दांडा फिरवावा लागतो. आपली छत्री दांड्याची आहे असं समजू. आधी चाकांखाली पाचरी सरकवून गाडी समतल करायची. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला पाहिजे. मग होकायंत्रावर दक्षिण शोधायची, छत्री ठरलेल्या कोनात उचलायची आणि गोगलगायीच्या गतीनं डावी-उजवीकडे फिरवायची. एक-दोन अंशांचा फरक पडला, की चित्र गायब! कधी कधी शेजारचाच उपग्रह सापडतो आणि जर्मन बातम्यांऐवजी इटालियन गाणी सुरू होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: गाडी हलवण्याआधी छत्री मिटायचीच. गाडी आधीच सुमारे तीन मीटर उंच असते. त्यावर उघडी छत्री घेऊन झाडांखालून किंवा बुटक्या पुलाखालून गेलात, तर काय होईल ते सांगायला नको! म्हणूनच पुष्कळशा स्वयंचलित छत्र्या, गाडीची किल्ली फिरवली की आपोआप मिटतात.

आता प्रश्न असा, की छत्री पाहते तरी कुणाकडे?

विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर दूरचित्रवाणीचे उपग्रह फिरतात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, तेवढ्याच वेळात हे उपग्रहही पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतात. त्यामुळे आपल्याला ते आकाशात एकाच जागी खिळल्यासारखे दिसतात. दिसतात म्हणजे, छत्रीला दिसतात बरं का, आपल्या डोळ्यांना नाही! असा उपग्रह जगभर संदेश पोचवू शकेल, हे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानं १९४५ साली लिहिलं. तेव्हा माणसानं एकही उपग्रह सोडलेला नव्हता. पहिला खराखुरा स्थिर उपग्रह, सिंकॉम-३, १९६४ साली गेला.

जर्मनीतली बरीच कुटुंबं ॲस्ट्रा नावाचे उपग्रह वापरतात. ते १९.२ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहेत. म्हणजे युरोपातून पाहिलं तर दक्षिणेला.

चला, निघाली गाडी! वहीत छत्रीचे कोन लिहीत चला. म्युनिकमध्ये उपग्रह क्षितिजापासून ३४ अंश वर आहे. हॅम्बुर्ग शहरी पोचलो, तर तो २८ अंशांवर आला. डेन्मार्क ओलांडून, मोठ्या बोटीत गाडीसह बसून नॉर्वेत उतरलो. ऑस्लोला कोन २२ अंश. छत्री हळूहळू मान खाली घालू लागली आहे.

पुढचा मुक्काम गायरांगर फ्योर्डच्या काठी. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. दोन्ही बाजूंना उभे कडे, काही तर १,४०० मीटरपर्यंत उंच, आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. २००५ साली हा फ्योर्ड जागतिक वारसास्थळ ठरला. इथं उपग्रह फक्त १९ अंशांवर आहे. आता गणित करा. दक्षिणेला दोन किलोमीटरवर हजार मीटर उंच डोंगर असेल, तर त्याचा माथा जवळजवळ २७ अंशांवर दिसतो. म्हणजे उपग्रह डोंगराच्या पाठीमागे लपला! कितीही दांडा फिरवा, चित्र येणार नाही. गाडी दुसरीकडे लावा, नाहीतर टीव्ही बंद करून पायऱ्यांवर बसा आणि समोरचा धबधबा बघा. तुम्ही काय निवडाल? आईबाबांनाही विचारून पाहा!

आणखी उत्तरेला गेलो, की रस्त्यात आर्क्टिक वृत्त लागतं. कोन १५ अंश. ट्रॉम्सो शहरात १२. आता एक गंमत दिसते. इथल्या घरांवरच्या छत्र्या चक्क जमिनीकडे पाहत असल्यासारख्या वाटतात! त्या बिघडल्या आहेत का? मुळीच नाही. अशा छत्रीला खालच्या बाजूनं एक दांडी असते आणि तिच्या टोकाला लहरी पकडणारं छोटं यंत्र. वरून तिरप्या आलेल्या लहरी थाळीवर आपटून खाली त्या यंत्रात जातात. त्यामुळे थाळीचं तोंड जिकडे दिसतं, त्याच्या साधारण वीस ते पंचवीस अंश वर ती खरं तर पाहत असते.

शेवटी एक बोगदा लागतो, समुद्राच्या पोटातून जाणारा. १९९९ साली सुरू झालेला हा बोगदा सुमारे सात किलोमीटर लांब आहे. तो ओलांडला की मागरोया बेट, आणि त्याच्या टोकाला नॉर्थ केप! तीनशे मीटरांहून उंच कडा, खाली समुद्र, आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीही न मावळणारा सूर्य. इथं उपग्रह क्षितिजाच्या फक्त १० अंश वर आहे. इतक्या उत्तरेला ॲस्ट्राच्या लहरीही क्षीण होतात. छोट्या छत्रीवर चित्र मिळेलच असं नाही. पण तिनं कुठं पाहायचं, तो कोन मात्र गणितानं ठरलेला आहे.

आता वही उघडा. म्युनिक ४८ अक्षांशावर, नॉर्थ केप ७१ वर. फरक २३ अंशांचा. छत्रीचा कोन ३४ वरून १० वर आला, म्हणजे फरक २४ अंशांचा. जवळजवळ सारखाच! एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दर १११ किलोमीटरना छत्री साधारण एक अंश खाली वाकली.

असं का झालं? उपग्रह तर जागचा हलला नाही! समजा, पृथ्वी पोळपाटासारखी सपाट असती. मग इतक्या उंचावरच्या उपग्रहाचा कोन, आपण अडीच हजार किलोमीटर चाललो तरी, चार-पाच अंशांपेक्षा जास्त बदललाच नसता. तो २४ अंशांनी बदलला, कारण आपण गोलावरून चालत होतो. आपल्या पायाखालची जमीनच वाकत गेली आणि उपग्रह क्षितिजाकडे सरकत गेला. आणखी पुढं, ८१ अक्षांशाच्या पलीकडे, तो क्षितिजाखाली बुडतो. उत्तर ध्रुवावर असा एकही उपग्रह कधीच दिसत नाही. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचून आपण मान डोलावतो. पण या छत्रीनं ते मोजून दाखवलं!

अशा छत्र्यांशी आपली ओळख जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या आर्वी इथं १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं मोठं भूकेंद्र सुरू झालं. १९७५-७६ साली अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला. तिथल्या छत्र्या तारेच्या जाळीच्या होत्या, जवळजवळ तीन मीटर रुंद! सकाळचे कार्यक्रम खास शाळेतल्या मुलांसाठी असत.

आता तुमची पाळी. होकायंत्र घ्या आणि खाली उभं राहूनच शेजारपाजारच्या छत्र्या पाहा. एकट्यानं गच्चीच्या कठड्यावर चढायचं नाही हं! दूरदर्शनची मोफत डिश ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे पाहते. पुण्याहून तो आग्नेयेला, सुमारे ५९ अंश उंच आहे. नॉर्थ केपच्या १० अंशांपेक्षा कितीतरी वर, कारण आपण विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ राहतो.

तुमचे कुणी नातेवाईक दिल्लीला किंवा जम्मूला आहेत? त्यांना त्यांच्या छत्रीचा कोन विचारा. तो तुमच्यापेक्षा कमी निघाला पाहिजे. आणि ऑस्ट्रेलियात कुणी असेल, तर तिथल्या छत्र्या दक्षिणेकडे पाहतात की उत्तरेकडे, ते विचारण्याआधी स्वतः ओळखून पाहा!