हिशेबातली तूट

दिवाळीच्या तोंडावर मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या जात. माझे आईवडील त्यांतच गेलेले असत. तरी आजी चार पाने मांडी, करंज्या मोजून वाढी. दोन पाने तशीच राहत. घरात कोण नाही, हे ती पानेच सांगत.

परवा जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्राविषयी वाचताना ती पाने आठवली. तेथे प्रोटॉन समोरासमोर आदळतात. टकरीपूर्वी आडव्या दिशेचा संवेग जवळजवळ शून्य. नंतरची बेरीजही तेवढीच यावी. तूट आली, तर काहीतरी न दिसता निसटले! न्यूट्रिनो असेच निसटतात. त्यांचा वाटा वजा करूनही तूट उरली, तर एखाद्या अज्ञात, हलक्या कणाचा संशय घ्यायचा. पण आधी आपली मोजणी चोख हवी. म्हणून तेथल्या सी.एम.एस. उपकरणात, आतून गळणारी ऊर्जा टिपणारा बाहेरचा थर आहे. तो घडवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा हात आहे.

असा नवा हलका कण अजून हाती आलेला नाही. आजीची दोन पाने पाडव्याच्या सुमारास भरत. ही भरतील का, कोणी सांगावे? मांडून मात्र ठेवली पाहिजेत.