दोराच्या अलीकडे

बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं. दर वेळी दोन ओळी लिहायच्या आणि पुसायच्या, असं चाललं होतं. कारण आमच्या घरातली अर्धी माणसं हे वाचतात आणि उरलेल्या अर्ध्यांना ती फोन करून सांगतात. पण आता दादालाच सांगून झालंय, तेव्हा बाकीच्यांना कळलं तरी हरकत नाही.

गोष्ट स्टीपलचेसची आहे. म्हणजे सुरुवात तरी तिथून होते.

हा शब्द चाळिशी जवळ येईपर्यंत मला नीट माहीत नव्हता. आमच्याकडे अजूनही 'ते अडथळ्यांचं' असंच म्हणतात. ३००० मीटरची शर्यत, वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटरचा, म्हणजे सरळ तीन फूट. हर्डल्सचा अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही. जाडजूड लाकडी तुळई असते ती. पाय अडकला तर तुळई जागच्या जागी आणि माणूस खाली. पाण्याच्या ठिकाणी तर अडथळ्याच्या पलीकडे बारा फुटांचा खड्डा. अडथळ्याला लागून खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. जो लांब उडी मारेल त्याचा पाय कमी पाण्यात पडतो. दमल्यावर उडी आखूड होते, आणि नेमका तेव्हाच जास्त पाण्यातून बाहेर यावं लागतं. कुणी काढला असेल हा खेळ!

तर तो इंग्लंड-आयर्लंडकडच्या लोकांनी काढला. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत सरळ पळत सुटायचं, मध्ये दगडी कुंपणं येतील, ओढे येतील, ते ओलांडायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. कारण आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. शाळेत जायचं तर तीन गडगे, असंख्य बांध आणि दोन व्हाळ. पहिल्या व्हाळावर साकव होता, पण तो आषाढात एकदा तरी वाहून जायचाच. मग दादा (माझा सख्खा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा) गडग्यावर एक पाय ठेवून असा काही झेपावायचा की व्हाळाच्या पार पलीकडच्या कातळावर. मी दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून. आमच्या घरात स्टीपलचेस होतंच, फक्त त्याला वेळ लावणारं कुणी नव्हतं.

आता अविनाश साबळेकडे येतो.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील शेती करायचे, वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो फौजेत गेला, ५ महार बटालियनमध्ये. सियाचीन झालं, राजस्थानचं वाळवंट झालं, सिक्कीम झालं. आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की स्पर्धेत धावायला तो त्यानंतर लागला, २०१५ साली, विशी उलटल्यावर. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते २०१७ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं! आमच्याकडे इतकी वर्षं एखादा पूलही टिकत नाही. (२०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा गेला तो मात्र ब्रिटिशांच्या वेळचा होता. त्यावर विनोद करू नये. असो.)

ज्या मुलुखात टँकरची वाट बघतात तिथला मुलगा पाण्याचा खड्डा ओलांडण्यात नाव काढतो, आणि आम्ही कोकणातले, जन्मभर पाणी उडत आलेले, टीव्हीसमोर बसून त्याला बघतो. (घाटावर, सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओला २०१६ मध्ये बायकांच्या याच शर्यतीत फायनलला गेली होती, दहावी आली. ते गाव माण तालुक्यात, म्हणजे तेही दुष्काळी.) याचा काही अर्थ लावायला जाऊ नये, पण डोक्यात येतं खरं.

६ ऑगस्ट २०२२, शनिवार. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. मी महाडला दादाकडे होतो. दादा एमआयडीसीत एका कंपनीत आहे, त्या दिवशी पहिली पाळी करून आला होता. वहिनीने चहा टाकलेला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मळकट रेघ आहे, २०२१ च्या २२ जुलैच्या पुराची. रंग दिला तरी ती आतून वर येते. जुना टीव्ही त्या पुरात गेला, हा नवा त्याच रेघेच्या वर टांगलाय.

१९९८ पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडे जात होती. सलग सहा स्पर्धा. इथेही पुढे तीन केनियन आणि त्यांच्या मागे आपला एकटा. दादा पहिल्यांदा आडवा पडून बघत होता. पाच फेऱ्या झाल्यावर उठून बसला. शेवटी शेवटी साबळेने एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला, आणि उरला फक्त अब्राहम किबिवोत. शेवटचं पाणी, शेवटचा अडथळा, आणि दोघं जवळजवळ एकदमच रेषेवर. किबिवोत ८ मिनिटं ११.१५ सेकंद. साबळे ८ मिनिटं ११.२०.

मी नाचत होतो. रौप्य, शिवाय नवा राष्ट्रीय विक्रम! वहिनी आतून धावत आली. दादा टीव्हीकडे बघत शांतपणे म्हणाला, "दोर पडला बघ त्याच्या पुढ्यात."

माझा चहा तिथेच निवला.

दोर काय ते सांगतो. १९९६ साली आम्ही दोघं एकाच भरतीला गेलो होतो. फौजेचं वेड आमच्या भागात जुनं आहे. महाड तालुक्यात एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे, यावरून समजा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले; इंग्रजांनी महारांची भरती थांबवली तेव्हा १८९० च्या दशकात त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला होता. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. म्हणजे रांगेत उभं राहायला मिळावं यासाठीसुद्धा इथल्या माणसांनी पिढ्या घालवल्यात. आम्हाला ते आयतं मिळालं होतं, फक्त धावायचं होतं. १६०० मीटर, चार फेऱ्या.

दादाचं वय भरत आलं होतं, त्याची ती शेवटचीच संधी. माझं सहज, 'चल तूही' म्हणून. पहाटे अंधारात बॅच सोडायला लागले. दादा पहिल्या दहात. मी दुसऱ्या फेरीतच मागे पडलो, तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे. आणि मला पक्कं आठवतंय की दादाने वळून पाहिलं, वेग कमी केला, मी जवळ आल्यावर माझं मनगट धरलं. "श्वास सोड, चल." शेवटची फेरी आम्ही तशीच केली. शिट्टी झाली आणि दोघा जवानांनी दोर आडवा धरला. आमच्या अगदी पुढचा मुलगा पार झाला. दादाच्या छातीला दोर लागला. तो अलीकडे, मी त्याच्या मागे.

घरी सांगितलं, दोघांचंही झालं नाही. एवढंच. काका पुढे कित्येक वर्षं चारचौघांत म्हणायचे, "आमचं पोर शाळेत हरणासारखं पळायचं, नेमकं तिथे ढिलं पडलं." दादा ऐकून घ्यायचा. मीही तिथेच बसलेला असायचो, आणि गप्प असायचो. मग मी पुण्याला गेलो, बी.कॉम. केलं, नोकरी लागली. दादा कंत्राटावर कंपनीत लागला, खूप उशिरा कायम झाला. काका गेले तेही तेच मनात धरून.

हेच ते, जे मला लिहायचं होतं.

मध्ये मी साबळेबद्दल मिळेल ते वाचत सुटलो होतो. त्यात २०१९ च्या दोहाच्या जागतिक स्पर्धेचा किस्सा सापडला. प्राथमिक फेरीत इथियोपियाच्या एका धावपटूच्या पडण्या-अडखळण्यात साबळे अडकला, त्याला थबकावं लागलं. तरी त्याने राष्ट्रीय विक्रम केला, ८:२५.२३, पण फायनलला जागा मिळाली नाही. मग आपल्या महासंघाने दाद मागितली. पंचांनी चित्रण पाहिलं आणि दुसऱ्यामुळे खोळंबा झाला हे मान्य करून त्याला फायनलमध्ये घेतलं. तिथे तो तेरावा आला, पण ८:२१.३७ अशी वेळ देऊन टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. दुसऱ्यामुळे अडकलेल्याला पुढे घ्यायचं, असा चक्क नियमच आहे. मी तो किस्सा दोन-तीनदा वाचला.

आता पॅरिस. ७ ऑगस्ट २०२४, आपल्याकडे ८ तारीख लागून रात्रीचा एक वाजून गेलेला. या वेळी मी मुद्दाम रजा टाकून महाडला गेलो होतो. दादाची दुसरी पाळी, साडेअकराला घरी आला, जेवला आणि बसला. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या फायनलला पोचलेला साबळे पहिला भारतीय पुरुष. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि महिन्याभरापूर्वीच पॅरिसमध्येच ८:०९.९१ चा नवा विक्रम. आमच्या अपेक्षा अर्थातच वाढलेल्या.

सुरुवातीला तो चक्क सगळ्यांच्या पुढे होता. नंतर मागे मागे गेला. ८:१४.१८ मध्ये अकरावा. काही वर्षांपूर्वी या वेळेचं स्वप्नही आपल्याकडे कुणी पाहिलं नसतं, पण त्या रात्री ती कमी वाटली. आणि त्या शेवटच्या फेरीत इथियोपियाचा लामेचा गिरमा, ज्याच्या नावावर या शर्यतीचा जागतिक विक्रम आहे, तो अडथळ्यात पाय अडकून असा आपटला की उठलाच नाही. बाकीचे पुढे निघून गेले. मोरोक्कोचा एल बक्काली जिंकला. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्या पडलेल्या माणसाकडे, मग स्ट्रेचर.

दादाने आवाज बंद केला. बाहेर पाऊस होता. महाडात ऑगस्टमध्ये रात्री पाऊस वाढला की कुणी नीट झोपत नाही, वहिनी मधून मधून उठून गटाराचं पाणी बघून येत होती. मी म्हणालो, "दादा, १९९६ ला तू माझ्यासाठी थांबलास. काकांना मी कधी सांगितलं नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी कुठे थांबलो?"

"तू मागे वळून बघितलंस. माझा हात धरलास."

"अरे, माझ्या बरगडीत कळ आली होती तिसऱ्या फेरीला. मी बसणारच होतो खाली. तेवढ्यात तू आलास म्हणून धरला तुझा हात. शेवटची फेरी तुझ्या जिवावर मारली मी." आणि वर हसून, "तुला वाटलं मी तुला ओढतोय?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. हे खरं आहे की आत्ता, रात्री दीड वाजता, माझ्यासाठी त्याने तयार केलंय, मला सांगता येत नाही. दादा खोटं बोलत नाही. पण हेही त्याच्यात बसतं. त्याची पकड माझ्या मनगटाला अजून आठवते, आणि आधार घेणारा हात तसा धरत नाही असं मला वाटतं. पण अठ्ठावीस वर्षं झाली, माझंही डोकं काय काय जुळवत बसलं असेल. त्यावर पंचांना दाखवायला चित्रण थोडंच आहे.

"मग काकांना का नाही सांगितलंस, कळ आली म्हणून?"

"सांगून काय, दोर वर उचलणार होते?"

तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, "अहो, किती वाजलेत? भावोजींना तरी झोपू द्या." दादा उठला. टीव्ही बंद करता करता थांबला.

"त्या पडलेल्याचं काय झालं, बघ जरा मोबाईलवर."

रेंज येत-जात होती, थोडा वेळ लागला. तोवर तो दाराशी उभाच. रुग्णालयात नेलंय, शुद्धीवर आहे, असं आलं होतं. मी वाचून दाखवलं.

"बरं झालं," म्हणाला, आणि दिवा मालवला.